घर न उठवता पहाटे उठायचं तर: घड्याळातल्या थरथरणाऱ्या गजराबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मालवणजवळच्या गावात राहता आणि काकांच्या होडीवर जाता. निघायची वेळ भरतीप्रमाणे बदलते, कधी रात्री दोन तर कधी पहाटे साडेचार. एकाच खोलीत तुम्ही, बायको आणि सहा महिन्यांचं बाळ, पलीकडे आई. फोनचा गजर झाला की आधी बाळ उठतं, मग सगळं घर. म्हणून दोन हजारांच्या आतलं स्मार्टवॉच घेतलंत आणि त्यात नुसता थरथरणारा गजर लावलात. काही दिवस जाग आली, काही दिवस आलीच नाही. बायको म्हणते की गजर झाला होता, तुम्हीच झोपेत बंद केलात. तुम्ही म्हणता, झालाच नाही. कुठलं सेटिंग चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

रत्नागिरीत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. पूर्वी किल्लीची आणि सेलची घड्याळं यायची, आता निम्मी स्मार्टवॉच येतात. मिरकरवाडा बंदर जवळ असल्यामुळे बोटीवरचं गिऱ्हाईक बरंच. त्यामुळे "गजर वाजलाच नाय" ही तक्रार मला नवी नाही. या तक्रारीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हींना एकच समजून घड्याळाला शिव्या घालतात. एक, गजर घड्याळात पोचलेलाच नसतो. दोन, गजर होतो पण हाताला जाणवत नाही. तीन, जाणवतो, आणि माणूस तो बंद करून परत झोपतो. सेटिंग बदलून सुटतो तो फक्त पहिला प्रकार, आणि दुसऱ्यातला थोडासा भाग.

तुमचा आणि बायकोचा वाद मिटवायची एक सोपी युक्ती आहे. गजर 'दररोज' असा न लावता 'एकदाच' असा लावा. बहुतेक घड्याळांत एकदाचा गजर होऊन गेला की त्याच्यापुढचं बटण आपोआप बंद दिसतं. सकाळी उठल्यावर फोन हातात घेण्याआधी घड्याळातली गजरांची यादी उघडा. बटण बंद दिसलं तर गजर झाला होता, म्हणजे बायको खरं बोलतेय. अजून चालू दिसलं तर घड्याळाच्या हिशेबाने ती वेळ अजून आलेलीच नाही, म्हणजे गोंधळ पहिल्या प्रकारातला आहे. यादीत गजर नसलाच तर तो घड्याळात कधी गेलाच नव्हता.

आता पहिला प्रकार. तुमच्या किमतीच्या घड्याळांत गजर दोन जागी राहू शकतो आणि सगळी गफलत इथेच होते. एक गजर खुद्द घड्याळात साठवलेला असतो. दुसरा असतो फोनचाच गजर, घड्याळ फक्त त्याची सूचना दाखवतं. हा फोनचा गजर आपल्या कामाचा नाही. तो ब्लूटूथ जोडलेलं असेल तरच पोचतो, एकदा गुरगुरून गप्प होतो, आणि फोन वाजायचा तो वाजतोच. बऱ्याच स्वस्त घड्याळांत गजर फोनवरच्या ॲपमधून लावावा लागतो आणि मग तो घड्याळात जाऊन बसतो. ते चालतं, पण तो खरंच गेला का हे बघायला हवं. ॲप मागे बंद पडलेलं असेल, फोनने बॅटरी वाचवायला त्याला झोपवलं असेल, किंवा त्या क्षणी ब्लूटूथ तुटलेलं असेल, तर ॲपमध्ये गजर छान दिसतो आणि घड्याळाला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून नियम असा ठेवा की गजर लावल्यावर घड्याळाच्या पडद्यावर जाऊन तो डोळ्यांनी बघायचा. तुमच्या घड्याळात थेट मनगटावरच गजर लावायची सोय असेल तर ॲपच्या भानगडीत पडूच नका.

एक फायदाही सांगून ठेवतो. घड्याळात साठवलेल्या गजराला ना रेंज लागते ना फोन. होडीत दोन तास डुलकी काढायची असेल, फोन घरी राहिला असेल, तरी तो होणार. फक्त घड्याळाची बॅटरी पूर्ण उतरून ते बंद पडलं असेल तर काही स्वस्त मॉडेलं चालू झाल्यावर वेळ विसरतात आणि फोन जोडेपर्यंत भलतीच वेळ दाखवतात. अशा वेळी गजरही भलत्याच वेळी होतो.

पहाटेच्या गजरात वाराची चूक फार होते. सोमवारी रात्री दहाला बसून माणूस पहाटे तीनचा गजर लावतो आणि वार निवडतो सोमवार, कारण त्याच्या डोक्यात अजून सोमवारच चालू असतो. सोमवारचे पहाटे तीन तर केव्हाच होऊन गेले. घड्याळ निमूटपणे पुढच्या सोमवारची वाट बघतं. दुसरी चूक एएम-पीएमची, विशेषतः रात्री साडेबाराला. घड्याळ चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवा. ०२:३० आणि १४:३० यांत गल्लत होत नाही.

तुमच्या बाबतीत तर वारांचा गजर मुळातच कुचकामी आहे, कारण तुमची वेळ कॅलेंडरवर चालत नाही, पाण्यावर चालते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. काकांना तिथीचा पाऊणपटीचा हिशेब तोंडपाठ असेलच: चतुर्थीला चाराचे पाऊणपट म्हणजे तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे आणि जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण पंचांग असलेल्या घरात तो अजून चालतो. त्यामुळे 'दररोज पहाटे तीन' असा गजर लावून सोडून दिलात तर आठवडाभरात तो तुमच्या कामापासून पाच-सहा तास दूर गेलेला असेल. मी बोटीवरच्या गिऱ्हाइकांना सांगतो की रात्री जेवण झालं, काकांशी वेळ ठरली, की त्या रात्रीपुरता एकदाचा गजर लावायचा आणि जुने सगळे खोडून टाकायचे. यादीत सात-आठ जुने गजर पडलेले असले की चुकीचा चालू होतो, आणि मग सुट्टीच्या दिवशी पहाटे दोनला हात थरथरायला लागतो.

'डू नॉट डिस्टर्ब' आणि झोपेचा मोड यांबद्दल सरसकट सांगता येत नाही. काही घड्याळं या मोडमध्ये सूचना अडवतात आणि गजर सोडतात, काही गजरही अडवतात, आणि सॉफ्टवेअर अपडेट आल्यावर तेच घड्याळ वेगळं वागलेलंही मी पाहिलंय. बऱ्याच घड्याळांत हा मोड रात्री ठरावीक वेळेला आपोआप लागतो आणि मालकाला माहीतच नसतं. दिवसा तपासलेला गजर झकास होतो आणि रात्री होत नाही, त्याचं हे एक नेहमीचं कारण. दुपारची चाचणी घ्यायची असेल तर तो मोड मुद्दाम चालू करून घ्या. बॅटरी सेव्हरचंही तसंच, तो लागला की काही घड्याळांत थरथर कमी होते किंवा बंदच होते.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांकडे वेगळी घड्याळं असतील, म्हणून दोन शब्द. गणपतीत चाकरमानी गावी आले की एका माजघरात पंधरा-वीस माणसं झोपलेली असतात, आणि त्यातल्या एकाला पहाटेची गाडी पकडायची असते. ॲपलचं घड्याळ असेल तर त्यातच गजर लावून सायलेंट मोड चालू करायचा, म्हणजे आवाज न होता फक्त मनगटावर टकटक होते. सेटिंगमध्ये 'हॅप्टिक' म्हणजे थरथरीच्या पर्यायात 'प्रॉमिनंट' निवडा, ठोका जोरात लागतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ते घड्याळ चार्जिंगला लावलेलं असेल तर सायलेंट मोड असूनही गजर आवाज करतो. रात्री हातातून काढून चार्जरवर ठेवलंत तर सगळं माजघर उठणार. त्याच्या बऱ्याच मॉडेलांची बॅटरी कंपनी साधारण १८ तासांची सांगते, म्हणून चार्जिंग संध्याकाळी उरकून घ्या. सॅमसंगच्या घड्याळात साउंड मोड 'व्हायब्रेट'वर ठेवा, 'म्यूट'वर नको, आणि थरथरीची लांबी व जोर दोन्ही वाढवा. फिटबिटवाल्यांना ही सोय जुनी आहे. त्यांच्या २०१२ सालच्या 'वन' या कपड्याला अडकवायच्या यंत्रातही मूक गजर होता. त्यांच्या काही मॉडेलांत 'स्मार्ट वेक' असतो, तो ठरलेल्या वेळेच्या आधीच्या अर्ध्या तासात झोप हलकी दिसली की उठवतो. आठ तास झोपणाऱ्याला ते छान आहे. चार तास झोपणाऱ्याने त्यातला अर्धा तास का द्यावा? तुमच्या घड्याळात असलं काही असेल तर बंद ठेवा.

आता दुसरा प्रकार, म्हणजे गजर होतो पण हाताला लागत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ इथे असतो आणि सगळ्यात कमी लोक इकडे बघतात. घड्याळाच्या पोटात थरथर करणारं यंत्र दोन जातींचं असतं. स्वस्तात बहुतेक वेळा एक इवलीशी मोटर असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवलेलं असतं. ती फिरली की वजन एकांगी असल्यामुळे सगळं घड्याळ हादरतं. महागात स्प्रिंगवर टांगलेलं वजन असतं आणि ते विजेच्या गुंडाळीने पुढेमागे ढकललं जातं. पहिल्याची थरथर पसरट आणि जरा उशिरा जोर धरणारी, दुसऱ्याचा ठोका टोकदार. झोपलेल्या माणसाला टोकदार ठोका लवकर कळतो. तुमच्या घड्याळात बहुधा पहिली जात असेल. ती बदलता येत नाही, पण तिच्याकडून जास्तीत जास्त काम करून घेता येतं.

त्वचेच्या आतल्या थरात कंप ओळखणारी सूक्ष्म टोकं असतात. ती सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनांना सगळ्यात जास्त दाद देतात, पण त्यांना फार लवकर सवय होते. सलग गुरगुर चालू राहिली की थोड्याच वेळात ती त्याची दखल घेणं सोडतात. समुद्राकाठच्या माणसाला गाज ऐकू येत नाही, तसंच. म्हणून घड्याळात थरथरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर सलग लांबलचक नको, तुटक घ्या: ठोका, थांबा, ठोका, थांबा. जोर पूर्ण ठेवा. महिना-दोन महिन्यांनी प्रकार बदलता आला तर बदला, कारण अंगाप्रमाणेच झोपेलाही सवय लागते.

पट्टा हा यातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. दिवसभर पट्टा सैल घालायची सवय असते, रात्री तो आणखी सैल होतो. घड्याळाची पाठ कातडीला टेकलेलीच नसेल तर मोटर हवेत फिरते. रात्री एक छिद्र पुढे घ्या. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम गेलं पाहिजे, पण सकाळी वळ उठता कामा नये. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या जरा वर, कोपराच्या बाजूला घड्याळ बसवा. हाडाला लागून असलेली थरथर मांसापेक्षा चांगली कळते. काही जण तबकडी आतल्या बाजूला, नाडीवर फिरवून झोपतात. आतली कातडी पातळ आणि केस नसलेली असते, त्याने फरक पडतो. एवढंच बघा की तसं घातल्यावर पडदा अंगाखाली दाबला जाऊन गजर आपोआप बंद होत नाही ना.

आता बोटीवरच्या माणसाचा खास त्रास. घाम, खारं पाणी आणि रबरी पट्टा यांची गाठ पडली की मनगटावर खाज आणि लाल चट्टे येतात. मग माणूस पट्टा सैल करतो किंवा घड्याळ उशाला काढून ठेवतो, आणि गजर गेला. उशाला लाकडावर ठेवलेलं घड्याळ थरथरलं की ते मूक तर राहत नाहीच, फळीवर घरघरतं आणि बाळ उठतं ते वेगळंच. समुद्रावरून आल्यावर घड्याळ आणि पट्टा गोड्या पाण्याने धुवा, कोरडे पुसा, मनगटही धुवा. झोपायला वेगळा कापडी पट्टा ठेवता आला तर उत्तम, शंभर-दीडशेचा खर्च आहे.

खाऱ्या पाण्याचा दुसरा मार चार्जिंगच्या पिनांवर पडतो. पाठीवरचे ते दोन-चार पिवळे ठिपके. त्यांवर मीठ आणि घाम साठलेला असताना चार्जर लावला की वीज त्यातूनच वाहते आणि धातू खाल्ला जातो, हिरवट-काळा थर बसतो. मग पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण बॅटरी नीट भरत नाही, आणि रात्री दीड वाजता घड्याळ गुपचूप मान टाकतं. "गजर वाजलाच नाय" म्हणून येणाऱ्या घड्याळांत मी सगळ्यात आधी पिना बघतो. ओलं घड्याळ कधीही चार्जिंगला लावू नका, आणि आठवड्यातून एकदा जुन्या मऊ टूथब्रशने पिना कोरड्याच घासा. डब्यावर आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून समुद्राचं पाणी चालतं असं समजू नका, ती चाचणी गोड्या पाण्यात होते. गरम पाण्याची आंघोळ आणि साबणही रबरी सील खराब करतात, तेव्हा मोरीत जाताना घड्याळ बाहेर ठेवलेलं बरं. पावसाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी वीज गेली की रात्रभर येईल याची खात्री नसते, म्हणून चार्जिंग झोपायच्या वेळेवर ठेवू नका. दुपारी होडी लागली की घड्याळ धुऊन, वाळवून लावा. निजताना बॅटरी निम्म्याच्या खाली असेल तर त्या रात्री थरथरीवर विसंबू नका.

हात कुठे असतो हेही बघा. घड्याळाचा हात उशीखाली किंवा अंगाखाली दबला की एकतर तो बधिर होतो, नाहीतर थरथर गादी पिऊन टाकते. कुशीवर झोपत असाल तर ज्या कुशीवर झोपता त्याच्या वरच्या हातात घड्याळ घाला. डाव्या हाताचा हट्ट नको.

तिसरा प्रकार म्हणजे झोपेत बंद करणं. तुमच्या बायकोच्या बोलण्यावरून मला तुमच्या बाबतीत हाच संशय जास्त आहे. यात तुमचा दोष नाही. रात्रीच्या पहिल्या भागात झोप सगळ्यात गाढ असते, पहाटेकडे ती हलकी होत जाते. दहाला झोपून साडेचारला उठायचं असेल तेव्हा तीच थरथर तुम्हाला बरोबर उठवते. दहाला झोपून दीडला उठायचं असेल तेव्हा तुम्ही विहिरीच्या तळाशी असता. म्हणजे घड्याळ तेच, सेटिंग तेच, पण तिथीप्रमाणे निकाल वेगळा. तुमचं 'काही दिवस येते, काही दिवस नाही' हे गूढ मला यातच उकलल्यासारखं वाटतं. जाग न आलेल्या दिवसांच्या वेळा आठवून बघा, त्या मध्यरात्रीकडच्या निघाल्या तर मग विचारायलाच नको. शिवाय आदल्या दोन-तीन रात्री बाळाने जागवलं असेल तर ती झोप शरीर वसूल करतंच. सर्दीची गोळी घेतली असेल किंवा प्यायलेले असाल, तरी तेच.

यावर माझ्याकडे चार गोष्टी आहेत. पहिली, स्नूझ बंद. स्नूझची सवय लागलेला हात झोपेतच बटण शोधतो. त्याऐवजी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दोन स्वतंत्र गजर लावा. पहिला झोप हलकी करतो, दुसरा उठवतो. दुसरी, तुमच्या घड्याळात गजर बंद करायला नुसतं बोट लावणं पुरतं की बटण दाबून धरावं लागतं ते बघा. निवड असेल तर दाबून धरायची घ्या. तिसरी, थरथर कळली की आडव्या अंगाने घड्याळाला हात लावायचाच नाही. आधी बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, मग बंद करायचं. ऐकायला बालिश वाटेल, पण आठवडाभर केलंत तर हाताला तेच वळण लागतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते. बहुतेक घड्याळांत फोन आल्याची थरथर गजराच्या थरथरीपेक्षा जास्त वेळ चालते, समोरचा रिंग देत राहील तोवर. तेव्हा काकांना सांगा की किनाऱ्यावर निघताना एक कॉल द्या. फोन सायलेंटवर ठेवायचा, घड्याळ जोडलेलं ठेवायचं, आणि फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर असेल तर काकांच्या नंबरला तेवढी सूट द्यायची. आवाज होणार नाही, हात मात्र थरथरत राहील. याला रेंज आणि ब्लूटूथ दोन्ही लागतं, म्हणून हा दुसरा आधार, पहिला नव्हे. एरवीही काका दारावर येऊन हाक मारणारच असतील तर ती हाक बाळाला जागं करेल, त्यापेक्षा हा कॉल बरा.

आणि राखीव गजर ठेवाच. फोन पडवीत किंवा स्वयंपाकघरात ठेवा, आवाज मध्यम, वेळ घड्याळाच्या गजरानंतर दहा मिनिटांची. उठलात तर जाऊन तो आधीच बंद कराल, घर झोपलेलं राहील. नाही उठलात तर बाळ रडेल, पण होडी चुकणार नाही. रोजीरोटीच्या कामाला एकट्या थरथरीवर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, घड्याळ कितीही महाग असो. फोन उशीखाली ठेवून व्हायब्रेटवर लावायची पद्धत मात्र मला पसंत नाही. पलंगाची फळी घुमते, आणि तो चार्जिंगला लावलेला असेल तर उशीखाली तापतो.

आता हे सगळं एकदम करायला जाऊ नका, क्रमाने करा. आज दुपारी घड्याळात तीन मिनिटांनंतरचा एकदाचा गजर लावा, फोनचं ब्लूटूथ बंद करा, झोपेचा मोड चालू करा, पट्टा आवळा आणि आडवे व्हा. हात थरथरला तर पहिला प्रकार निकालात निघाला. मग रात्री होडीवर जायचं नसेल अशा दिवशी मध्यरात्री दीडचा गजर लावून झोपा आणि सकाळी यादीतलं बटण बघा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने अशा चाचण्यांना उत्तम. तुमची होडी बिगरयांत्रिक असेल आणि ती बंदी लागू नसेल, तरी पावसात दर्यावर न जाण्याचे दिवस निघतातच.

एवढं करूनही मध्यरात्रीचा गजर जाणवत नसेल तर घड्याळाची मोटर तुमच्या झोपेपुढे कमी पडतेय, आणि दुसरं साधन बघायला हवं. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते, ती मनगटी घड्याळाच्या कितीतरी पट जोरात हलते. आमच्याकडे येणाऱ्या एक बाई ऐकू येत नसल्यामुळे वर्षानुवर्षं ती वापरतात आणि मनगटावरच्या घड्याळाला हसतात. बाळ त्याच गादीवर झोपत असेल तर मात्र ती चालणार नाही. दुसरा पर्याय साधा. कॅसिओचं डब्ल्यू ७३५ एच हे डिजिटल घड्याळ थरथरीचा गजर देतं, बॅटरी दहा वर्षांची आणि पाण्याला शंभर मीटरचं. ना ॲप, ना चार्जिंग, ना पिना. त्याचा गजर थोडा वेळच चालतो, म्हणून एकाऐवजी दोन-तीन लावावे लागतात. पण खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्याला मी पावलं मोजणाऱ्या घड्याळापेक्षा हेच सुचवीन, माझा धंदा थोडा बुडाला तरी. भरपूर झोप मिळूनही जाग येत नसेल, घोरणं जोरात असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर ती गोष्ट घड्याळवाल्याकडची नाही, डॉक्टरकडची आहे.

तुमच्या घड्याळाचं मॉडेल, गजर ॲपमधून लावता की घड्याळावरून, आणि जाग न आलेल्या दिवशी गजर किती वाजताचा होता, एवढं इथे लिहा. दुपारची चाचणी करून यादीत काय दिसलं तेही सांगा, मग नक्की कुठला प्रकार आहे ते बघू.